टाटा 697 चा ब्लॉक तडकलाय: दुरुस्त करावा, जुना आणावा की नवा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी बाबांची. टाटा 1612 टिपर, 1997 चं मॉडेल, 697 इंजिन. (सहा सिलिंडर आणि 97 मिमीचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, म्हणून 697. हल्लीच्या पोरांना हे सांगावं लागतं.) गोव्यात डिचोलीकडे खाणीवर चालायची. 2012 ला खाणी बंद पडल्या, मधे थोड्या चालल्या, मार्च 2018 ला परत बंद. तेव्हापासून गाडी घरामागे फणसाखाली आहे. आता चिरे-खडीची भाडी मारायला ती रस्त्यावर आणायची आहे.

स्टार्टर मारायच्या आधी, नशिबाने, संपचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, नट सैल केला. पहिल्यांदा ग्लासभर तांबूस पाणी आलं, मग तेल. चूक आमचीच. रेडिएटरमध्ये कूलंट कधी घातलंच नाही, कायम विहिरीचं पाणी. आणि गाडी उभी केली तेव्हा ब्लॉकमधलं, म्हणजे सिलिंडर असतात त्या ओतीव अंगातलं, पाणी काढायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

हेड आणि ब्लॉकमधलं गॅसकेटच गेलं असेल म्हणून हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. ते वाकलेलं नव्हतं. मग मेस्त्रीने ब्लॉक धुतला, वरच्या फेसला रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि खडूची पूड चोळली. थोड्या वेळाने चौथ्या सिलिंडरच्या काठापासून शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत केसाएवढी ओली रेघ उमटली. मेस्त्री काही बोलला नाही. लांब जाऊन विडी पेटवली.

आता वाटा तीन. हाच ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन तडा स्टिचिंग करून (ओळीने पिना बसवून बंद करून) घ्यायचा आणि सहाही लायनर (सिलिंडरमधल्या नळ्या) नवे ठोकायचे. पण याचं फेसिंग (वरची बाजू मशीनवर कापून सपाट करणं) आधीच दोनदा झालंय. दुसरी वाट बेळगावच्या एका भंगारवाल्याकडचा ब्लॉक. बोअर दिसायला छान, पण तो टर्बोच्या (इंजिनात दाबाने हवा भरणारं यंत्र असलेल्या) गाडीचा आहे आणि मेन बेअरिंगचे कॅप (क्रँक शाफ्ट खालून धरणारे तुकडे) गायब. ‘तुमचेच कॅप लावा की’, म्हणतो. इंजिन नंबरही अर्धा घासलेला. तिसरा म्हणजे नवा ब्लॉक. त्याचा भाव जुन्याच्या दुपटीहून वर सांगितलाय. ‘एवढे पैसे कशाला, गाडीच लोखंडाच्या भावाने देऊन टाक’, असं बाबा म्हणतात, पण रोज सकाळी जाऊन टायर बघून येतात.

माझा ओढा बेळगावच्या ब्लॉककडे आहे. चोर्ला घाटातून एका दिवसात आणता येईल. आमचे कॅप त्याला चालतील का? टर्बोचा ब्लॉक साध्या इंजिनाला बसतो का? कोणी केलंय का हे काम?

प्रतिसाद

बेळगावचा ब्लॉक घेऊ नका. टर्बो हे त्याचं मुख्य कारण नाही. दोन्ही ब्लॉक शेजारी ठेवून तेलाची भोकं ताडून बघायची आणि टर्बोला तेल नेणारी-आणणारी भोकं बंद करायची, एवढं जमण्यासारखं असतं. खरी अडचण कॅपची. मेन बेअरिंगचं भोक अर्धं ब्लॉकमध्ये, अर्धं कॅपमध्ये असतं आणि कंपनीत दोन्ही एकत्र बसवून सातही भोकं एका ओळीत कापतात. एका ब्लॉकचे कॅप दुसऱ्याला नुसते आवळले तर ओळ चुकते, क्रँक हाताने फिरत नाही. जबरदस्तीने फिरवलात तर बेअरिंग जातात, मग क्रँक. लाईन बोरिंग करून (सगळी भोकं परत एका ओळीत कापून) जमतं, पण तो खर्च धरला की स्वस्ताई कुठे राहिली?

आणि घासलेला इंजिन नंबर! आरसीवर इंजिन नंबर असतो, तो बदलायचा तर आधीच्या गाडीची पावती, कागद दाखवावे लागतात. फिटनेसला गाडी उभी केली की त्याच नंबरावर बॅटरीचा उजेड मारतात. असला ब्लॉक फुकट दिला तरी नको.

तुमच्या ब्लॉकचं आधी हे करा. चौथा लायनर काढा. तुमचा सुका लायनर आहे, पाणी त्याला थेट लागत नाही, म्हणजे तडा ब्लॉकच्या भिंतीत आहे. तो खाली किती गेलाय ते लायनर काढल्यावरच कळेल. बोटाच्या पेराएवढा असेल तर स्टिचिंगने निभावतं. भिंतीतून तळापर्यंत गेला असेल किंवा मेन बेअरिंगच्या बैठकीत दुसरा तडा सापडला तर नवाच ब्लॉक. स्टिचिंग झाल्यावर गरम पाणी भरून हवेच्या दाबाने टेस्ट करायला लावा, समोर उभं राहून. लायनरचे पैसे त्यानंतर.

दोनदा फेसिंग झालंय म्हणता, तर तिसऱ्यांदा मशीनवर चढवण्याआधी ब्लॉकची उंची मोजून घ्या. उंची कमी झाली की पिस्टन वर येतो आणि व्हॉल्व्हला धडकतो.

धागाकर्ता

देव बरें करूं. काल लायनर काढला. तडा पाऊण इंच गेलाय, खाली स्वच्छ. बैठकीलाही रॉकेल-खडू केलं, कुठे रेघ नाही. उंची मोजायला मात्र आमच्याकडे साधन नाही, ती कोल्हापुरातच होईल. सोमवारी ब्लॉक पिकअपमध्ये टाकतोय, कॅप सगळे नंबर बघून आपापल्या जागी आवळलेत.

उद्यमनगरात दाबाची टेस्ट समोर करून देणारा कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाबापण येतायत म्हणे.