शेपूट तुटलं तरी विंचू जगतो
नांगी तुटली की विंचू संपला असं लोक म्हणतात, पण तसं नेहमीच नसतं हां. दक्षिण अमेरिकेत अनान्टेरिस म्हणून बारके विंचू आहेत, त्यातले, जास्त करून नर, शेपटाला धरले की पालीसारखं शेपूट सोडून पळतात, २०१५ साली त्याच्यावर संशोधनाचा पेपर आला. खरी गंमत पुढेच आहे, विंचवाचं गुदद्वार नांगीच्या जरा अलीकडे, शेपटाच्या शेवटच्या पेराच्या टोकाला असतं, म्हणजे शेपूट गेलं की जखम भरून येते पण घाण बाहेर पडायला वाटच उरत नाही आणि शेपूट काही परत फुटत नाही, म्हणजे जन्माचं बद्धकोष्ठ, पोट फुगत जातं आणि तरी गडी काही महिने जगतो, वर मादीशी जुळवतो पण!

आपल्याकडे गोव्यात सत्तरी तालुक्यात चिऱ्याचा गडगा (दगडी बांध) हलवला की मोठी काळी इंगळी निघते ना, त्या गटाच्या वर्गीकरणाची २०२० मध्ये फेरमांडणी झाली, हेटरोमेट्रस हा जुना वंश (जीनस) फोडून सह्याद्रिमेट्रस, डेक्कनोमेट्रस असे नवे वंश केले. ती दिसायला भयंकर, पण जिवावर बेततो तो छोटा लाल विंचू. पावसाळ्यात रात्री बागायतीत यूव्ही (अतिनील) टॉर्च मारून बघा, इंगळी अख्खी हिरवट निळी चमकते, बूट मात्र घाला.