सातवीच्या वर्गाला ग्रीस आणि रोम शिकवताना काय ठेवावे, काय गाळावे?

मोरपंखी (प्रश्न)
नमस्कार. मी पुण्यातील एका शाळेत सहावी-सातवीला इतिहास शिकवते. प्राचीन ग्रीस आणि रोम यांसाठी मिळून आम्हांला एकच सत्र मिळते आणि तेवढ्यात होमरपासून पश्चिम रोमन साम्राज्याच्या अस्तापर्यंतची सुमारे बाराशे वर्षे उरकायची असतात. झ्यूस, हर्क्युलीस आणि ग्लॅडिएटर मुलांना गेममुळे आधीच पाठ असतात, पण त्यांतले ग्रीक कोणते आणि रोमन कोणते, याची सरमिसळ शेवटपर्यंत सुटत नाही. ‘अथेन्समध्ये लोकशाहीचा जन्म झाला’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत येते आणि तिथेच संपते. दोन्ही संस्कृती एका धाग्यात ओवायच्या असतील, तर तो धागा कोणता असावा? आणि गुलामगिरीविषयी या वयातल्या मुलांशी किती बोलावे?

खापरखुणा
अथेन्ससाठी संपूर्ण शतकाऐवजी एकच प्रकरण घ्यावे, असे मी सुचवीन. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास अथेन्सच्या ताब्यातील लॉरियनच्या खाणींत चांदीचा मोठा साठा हाती लागला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की, ती रक्कम प्रत्येक नागरिकाला दहा द्राख्मा (चांदीची नाणी) याप्रमाणे वाटून टाकण्याचा विचार होता, पण थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याने ती युद्धनौका बांधण्यासाठी वापरावी, असे नागरिकांच्या सभेला पटवले. वर्गाची सभा भरवून हाच वाद घालायला सांगावा. आधी निकाल सांगू नये. ‘पैसे आज वाटून घ्यावेत की नौका बांधाव्यात’ या प्रश्नावर बारा वर्षांची मुले फार गांभीर्याने भांडतात.

पुढचा तास खापरांचा. अथेन्सचे नागरिक मडक्याच्या तुकड्यावर नाव कोरून एखाद्या पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करू शकत; त्यासाठी किमान ६००० खापरे पडावी लागत आणि हद्दपार झालेल्याची मालमत्ता मात्र त्याचीच राहत असे. थेमिस्टोक्लीसचा प्रतिस्पर्धी अरिस्टायडीस इ.स.पू. ४८२ मध्ये असाच बाहेर गेला, इराणी आक्रमणाच्या वेळी त्याला परत बोलावण्यात आले आणि इ.स.पू. ४८० मध्ये अथेन्सजवळच्या सॅलमिस बेटापाशी त्या नव्या नौकांनी इराणी आरमाराचा पराभव केला. काही वर्षांनी खुद्द थेमिस्टोक्लीसवर हीच पाळी आली आणि अखेरीस तो इराणच्याच राजाच्या आश्रयाला गेला.

आता खरी मौज. अथेन्समधील अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीसचे नाव असलेली सुमारे १९० खापरे सापडली, पण त्यांवरील अक्षर मोजक्याच हातांचे आहे. कोणी आधीच लिहून वाटण्यासाठी ती तयार केली होती, की निरक्षरांना लिहून देण्याची ती सोय होती? हा प्रश्न मुलांवर सोपवावा, कारण दोन्ही उत्तरांना वाव आहे आणि पुराव्यावरून तर्क करणे म्हणजे काय, हे तिथे आपोआप कळते. एक खबरदारी मात्र घ्यावी: वर्गातील मुलामुलींची नावे खापरांवर कधीही लिहू देऊ नयेत.

उंबरठा
खापरखुणा यांची योजना चांगली आहे. तिच्यात एक भर घालते. गुलामगिरीसाठी वेगळा तास ठेवू नये, कारण ती याच प्रकरणात आहे. लॉरियनची चांदी गुलामांनी खणली. तिथले बोगदे इतके अरुंद आहेत की अनेक ठिकाणी माणसाला रांगतच पुढे जावे लागे. त्या चांदीतून बांधलेल्या प्रत्येक त्रिस्तरीय नौकेवर १७० वल्हेकरी लागत, आणि त्यांत गरीब नागरिकांचा मोठा भरणा असल्यामुळे पुढे सभेत त्यांचे वजन वाढले. म्हणजे एकाच चांदीने काहींना आवाज दिला, तर ती खणणाऱ्यांना काहीच दिले नाही. हे सातवीच्या मुलांना नीट समजते. सभेच्या खेळातही काही मुलांना स्त्रिया, परदेशी रहिवासी आणि गुलाम यांच्या भूमिका देऊन, बोलण्याचा अधिकार न देता बसवावे आणि नंतर त्यांनाच आधी बोलू द्यावे.

जुनी वही
मोरपंखीताई, आपण विचारलेला धागा माझ्या मते ‘नागरिक कोण?’ हाच आहे. इ.स.पू. ४५१ मध्ये अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या कायद्याने आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील, तरच मुलाला नागरिकत्व मिळू लागले, म्हणजे दार अधिक अरुंद झाले. रोमने उलट वाट धरली. रोमन नागरिकाने कायदेशीर रीतीने मुक्त केलेला गुलाम स्वतः नागरिक होई, आणि इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. अर्थात, तोपर्यंत मताला फारसा अर्थ उरलेला नव्हता, हेही सांगायला हवे.

या दोन टोकांना जोडणारा एक सुंदर पुरावा आहे. इ.स. ४८ मध्ये गॉलमधील (आजच्या फ्रान्सच्या भागातील) प्रमुखांना रोमच्या सिनेट या सभेत घ्यावे म्हणून सम्राट क्लॉडियसने भाषण केले. रोमन इतिहासकार टॅसिटसने ते आपल्या शब्दांत दिले आहे. जिंकलेल्यांना परके मानून दूर ठेवल्यामुळेच स्पार्टा आणि अथेन्स लयाला गेले, असा युक्तिवाद त्यात येतो. त्याच भाषणाचा काही भाग कोरलेला ब्राँझचा पत्रा फ्रान्समधील लियाँ येथे सापडला असून त्यातील मजकूर बराच वेगळा आहे. दोन्हींचे चार-चार ओळींचे सोपे मराठी रूपांतर करून मुलांसमोर ठेवावे.

ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरावर मात्र हात आखडता घेऊ नये. तेथील भिंतींवर रंगवलेल्या निवडणुकीच्या जाहिराती मुलांना खिळवून ठेवतात, विशेषतः ज्यांत मताधिकार नसलेल्या स्त्रियांनी उमेदवारांना पाठिंबा दिला आहे त्या. त्याच शहरात १९३८ मध्ये भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली आणि तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे तेर व भोकरदन येथे सापडल्या आहेत. हा दुवा खरा आहे, पण तो शेवटच्या अर्ध्या तासापुरता ठेवावा, नाहीतर रोमचा पाठ सातवाहनांचा होऊन बसतो.

मोरपंखी
सर्वांचे आभार. नागरिकत्वाचा धागा पक्का करते. मग अलेक्झांडर गाळता येईल का?

जुनी वही
मोहिमा आणि लढाया गाळाव्यात, पण नकाशा ठेवावा. अलेक्झांडरनंतर पूर्व भूमध्य प्रदेशात ग्रीक ही व्यवहाराची भाषा झाली आणि रोमने तो प्रदेश जिंकल्यावरही ती तशीच राहिली. पश्चिमेकडे लॅटिन आणि पूर्वेकडे ग्रीक असे दोन रंग त्या एका नकाशात भरून घेतले, तर आपण म्हणता ती सरमिसळ कुठून येते, हे मुलांना दिसेल.