घरच्या फसाईवर (FSSAI, खाद्यपदार्थ विकायची सरकारी नोंदणी) गाडी चालेल का? आणि गाळ्याला काय काय लागतं?

नमस्कार मंडळी,

लालबागच्या चाळीत दीड खोलीत मी चार वर्षं ऑर्डरीवर उपवासाचं करून देते. साबुदाणा वडे, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. आता धाकट्या दिरांना काळाचौकीत वड्यांची गाडी लावायची आहे, जवळच एक लहानसा गाळाही बघून ठेवलाय. गणपतीच्या आत सुरू करायची घाई. लालबागची ती गर्दी काय सांगायची!

माझ्याकडे घरच्या पत्त्यावरचं फसाईचं रजिस्ट्रेशन आहे, १४ आकडी नंबरवालं. मी काढलं तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आतल्या धंद्याला लायसन्स लागत नव्हतं, रजिस्ट्रेशन पुरायचं, फी वर्षाला १०० रुपये. एजंटने माझ्याकडून साडेतीन हजार घेतले. पावती नीट वाचली ती नंतर, माझाच शहाणपणा! तोच आता म्हणतो, "वहिनी, हाच नंबर गाडीवर चिकटवा, कोण विचारतंय?"

मला काही हे पटत नाही. नंबर चालेल का? गाळ्याला वेगळं काय लागेल? आणि दीर व हाताखालचा मुलगा, दोघांचं मेडिकल करावं लागेल का?

प्रतिसाद १
ताई, एजंटला आधी रामराम ठोका. नंबर पत्त्याला बांधलेला असतो, घरचा गाडीला चालत नाही. गाडीसाठी फिरता विक्रेता म्हणून फसाईच्या फॉस्कॉस पोर्टलवर फॉर्म ए, म्हणजे रजिस्ट्रेशनचा अर्ज, भरा. फोटो, ओळखपत्र हाताशी असलं की घरबसल्या होतं.

पण फसाई म्हणजे रस्त्यावर उभं राहायची परवानगी नव्हे. इथेच बरेच जण फसतात. त्यासाठी २०१४ च्या फेरीवाला कायद्याखालचं पालिकेचं विक्री प्रमाणपत्र लागतं. वर २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टाने स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा-देवळांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. जागा ठरवताना आधी पावलं मोजा. नाहीतर गाडी उचलली जाते, कढईसकट.

प्रतिसाद २
गाळ्याचं मी सांगतो, आमचा पोळीभाजीचा आहे. त्याचं फसाई वेगळं काढायचं. शिवाय पालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना, १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातलं कलम ३९४. तुम्हाला पालिकेचं एफ साउथ वॉर्ड ऑफिस लागेल. मोजकीच माणसं असली तर गुमास्त्याची, म्हणजे दुकान कायद्याखालची, ऑनलाइन सूचना दिली की झालं. मेडिकल दोघांचंही करून घ्या, टायफॉइडची लसही. आणि मोरी, पाणी, धूर कुठे जातो हे ॲडव्हान्स देण्याआधी बघा. आमचं सगळं अडलं होतं ते मोरीपाशी.

धागाकर्ती
दादा, मोरी आहे, पण सामायिक. आणि गाळा पागडीचा (मालकाला एकरकमी पैसे देऊन घेतलेला जुना भाड्याचा), भाडेकरूच आम्हाला देतोय. मग ना-हरकत त्याची घ्यायची की मूळ मालकाची?