मदत हवी आहे: सुऱ्यांच्या पात्यांसाठी टम्बलर कोणता घ्यावा?

ठिणगी
लोकहो, पटकन सांगा. हाताने बनवलेल्या पात्यांना फिनिश द्यायला टम्बलर घ्यायचाय, म्हणजे दगडांत पातं घोळवणारं मशीन. व्हायब्रो (थरथरणारा) की गोल फिरणारा बॅरल? बजेट १५ हजार, दगडांसकट. व्हिडिओ बघून बघून डोकं उठलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. याच आठवड्यात ऑर्डर द्यायची आहे. 'आधी हाताने घासायला शिका' हा सल्ला कृपया नको.

भोसरीकर
पातं केवढं? पोलाद कुठलं? महिन्याला किती नग? घरी सिंगल फेज की थ्री फेज? हे कळल्याशिवाय काय सांगणार, कप्पाळ? तरी ढोबळ मानाने व्हायब्रोच. आमच्या कंपनीत प्रेसचे पार्ट व्हायब्रोलाच जातात, बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) पण निघते आणि फिनिशही येतं. बॅरल म्हणजे आजोबांच्या काळातली गोष्ट.

ऐरण
आजोबांच्या काळातली असेल, पण घरी बनवता येते. दोन रूळ, एक मोटर, एक पिंप, झालं. व्हायब्रो लावा आणि मग खालच्या मजल्यावरच्यांना तोंड द्या. माझं मत बॅरल, डोळे झाकून.

ठिणगी
साधी सुरी आहे हो. सिंगल फेज. महिन्याला दहा-बारा. आता सांगा.

भोसरीकर
साधी म्हणजे किती इंच? पोलाद अजून सांगितलं नाहीस.

टेक्ससचा_तात्या
इकडे बंदुकीच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या साफ करायचे टम्बलर सर्रास मिळतात. लोक पुंगळ्या पुन्हा भरतात ना, त्यासाठी. त्यात अक्रोडाच्या कवचांचा किंवा मक्याच्या कणसांचा भुगा असतो. तो काढून सिरॅमिकचे दगड टाकायचे. माझा एक मित्र खिशातल्या चाकूंची पाती त्यातच करतो, झकास होतात. कुणी भारतात येणारं असेल तर मागवून घे.

भोसरीकर
तात्या, तुमचं मशीन ११०-१२० व्होल्टचं, ६० हर्ट्झचं. इथे ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येईल, पण हर्ट्झ ५०च राहणार. इंडक्शन मोटर असेल तर वेग सहातला एक हिस्सा कमी होईल आणि व्हायब्रोचा धक्का तर वेगाच्या वर्गाने घटतो, म्हणजे सुमारे सत्तर टक्क्यांवर येईल. आणि मक्याचा भुगा मऊ असतो, ती भांडी त्या वजनासाठी बनवलेली. ओले सिरॅमिक दगड भरून वर सुरी टाकली तर मशीन नुसतं कण्हत बसेल.

कायद्याचं_बोला
धागाकर्त्याने लायसन्सचा विचार केला आहे का? शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. विकणार असाल तर आधी माहिती काढा.

ऐरण
त्याच ओळीत पुढे घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठीची पाती वगळली आहेत, तेही वाचा. नाहीतर प्रत्येक कोयतेवाल्याला आत टाकावं लागेल. आणि प्रश्न टम्बलरचा आहे.

कायद्याचं_बोला
मी फक्त सावध केलं.

ठिणगी
अहो काका, स्वयंपाकघरातली सुरी आहे! शेफ नाइफ. पातं ८ इंच, मुठीत जाणारा भाग धरून साडेबारा. रुंदी दोनच्या आतच. पोलाद ईएन ३१, बेअरिंगचं. पातं कडक करायचं पाणी बाहेरून देऊन आणतो. आता तरी सांगा.

भोसरीकर
मग गोल वाडग्याचा छोटा व्हायब्रो बाद. साडेबारा इंचांचा तुकडा त्यात फिरत नाही, तिरका अडकतो आणि टोक भांड्याच्या अस्तरात घुसतं. लांब पार्टसाठी लांबट टबचा व्हायब्रो येतो, पण तो १५ हजारांत विसर. भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली, जिथे जवळ पडेल तिथे व्हायब्रोचं जॉबवर्क करणारा शोध. दहा नग एका फेरीत होतील. पण सांगून ठेव, पाती एकमेकांवर आपटू द्यायची नाहीत. मध्ये भरपूर दगड हवेत, नाहीतर एकाचं टोक दुसऱ्याच्या पोटात.

चिंचगूळ
माझ्या आईच्या विळीला कधी टम्बलर लागला नाही. चिंच, लिंबू, कैरी चिरून चिरून पातं आपोआप काळंनिळं झालं, इतकं सुंदर की पाहत राहावं. ईएन ३१ म्हणजे गंजणारंच पोलाद ना? मग गिऱ्हाईकाला तसंच द्या, रंग स्वयंपाकातून येईल.

ठिणगी
ताई, गिऱ्हाईकाला फोटोत पहिल्या दिवशीच स्टोनवॉश, म्हणजे दगडांच्या ठोक्यांचा फिनिश, हवा असतो.

वाकडी_धार
स्टोनवॉश म्हणालास, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. मीही सुऱ्या बनवतो. एकच विचारतो, पट्ट्याच्या ग्राइंडरवर कुठल्या नंबरवर थांबतोस, म्हणजे शेवटचा पट्टा किती बारीक?

ठिणगी
१२०. पुढचं टम्बलर करेल ना? त्यासाठीच तर घेतोय.

वाकडी_धार
नाही करणार. तुला राग येईल, पण पैसे जायच्या आधी ऐक.

टम्बलर पृष्ठभागावर बारीक ठोके देतो, खोल चरा भरून काढत नाही. १२० च्या पट्ट्याचे आडवे चरे जाईपर्यंत फिरवत बसलास तर त्याआधी कडा गोल होतील, मणक्याची (पात्याच्या पाठीची) रेघ मऊ होईल आणि टोक बोथट होईल. वर काळ्या स्टोनवॉशसाठी पोलाद खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलंस तर उरलेले चरे आणखी उठून दिसतात. पट्टा २२० आणि मग ४०० पर्यंत ने, शेवटी पॉलिश कागदाने लांबीच्या दिशेने घासून आडवे चरे काढ. त्यानंतर फेरिक, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारायचं, मग दगड. फेरिक क्लोराइड सर्किट बोर्डवाल्यांकडे मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली. हातमोजे घाल, आणि स्टीलच्या सिंकमध्ये ओतू नकोस, सिंकच खाईल.

शेवटची धार दगडांतून काढल्यावर लावायची. टम्बलरमध्ये जाताना कड थोडी जाड ठेव, मी ०.३ मिमीच्या आसपास ठेवतो. मूठही नंतरच, ओल्या टम्बलरमध्ये लाकूड फुगतं.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. मुठीच्या पिनांची भोकं आधीच पाडलेली असतात. त्या भोकाच्या मापाचा दगड घेतलास तर तो आत असा ठोकून बसतो की पंचने फोडून काढावा लागतो. भोक ६ मिमीचं असेल तर दगड चांगला मोठा घे.

ठिणगी
हाताने घासायचा सल्ला नको म्हटलं होतं मी.

वाकडी_धार
मग १२० चे चरे राहू दे आणि त्यालाच डिझाइन म्हण.

ऐरण
चिडू नकोस रे. पैसे वाचवायचा मार्ग सांगतो. महिन्याला दहा-बारा पात्यांना मशीनच नको. दोन फूट लांब १६० मिमीचा पीव्हीसी पाईप घे, निम्मा दगडांनी भर. सात-आठ किलो पुरतील. थोडं पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, एक पातं. बंद करून हाताने मागेपुढे हलव. फेरिकनंतरच्या हलक्या स्टोनवॉशला पाच-दहा मिनिटं पुष्कळ होतात. हाताचे दंड भरतील ते वेगळंच. सिरॅमिक महाग वाटलं तर नदीतले गुळगुळीत गोटे घे, फिनिश जरा वेडंवाकडं येतं पण वाईट दिसत नाही.

मोटर लावायचीच तर वेगाकडे लक्ष दे. ४२.३ ला मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागायचं. १६० मिमीला मिनिटाला साधारण १०५ फेरे येतात. तेवढ्यावर दगड भिंतीला चिकटून नुसते गोल फिरतात, घासत काहीच नाहीत. त्याच्या निम्म्यावर, पन्नासच्या आसपास ठेव. वाशिंग मशीनची मोटर थेट लावशील तर दगड आणि सुरी दोन्ही भिंतीला चिकटतील. गाडीच्या वायपरची मोटर कमी वेगावर बरोबर बसते, जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर चालते.

भोसरीकर
वायपरची मोटर तासन्‌तास वजन ओढायला बनवलेली नाही. तापून बंद पडेल. गिअरवाली मोटर घे, आणि पाईपचं वजन रुळांवर टाक, मोटरच्या दांड्यावर नाही.

ऐरण
माझी चाललीय.

भोसरीकर
हिवाळ्यात चालली असेल.

टेक्ससचा_तात्या
पाण्याऐवजी डब्ल्यूडी-४० घाला, गंजाची भीती नाही. इकडे सगळे तेच करतात.

वाकडी_धार
चालतं, पण सात-आठ किलो दगडांवर ओतायला भारी पडतं, आणि नंतर सगळे दगड तेलकट. ईएन ३१ ला साबणाचं पाणी चालतं, फक्त बाहेर काढल्याबरोबर धुऊन, गरम लाकडी भुशात फिरवून, तेलाचा हात द्यायचा. मध्ये चहाला गेलास की परत आल्यावर केशरी ठिपके. उरलेला गाळ मोरीत ओतायचा नाही, बादलीत बसू द्यायचा. सिमेंटसारखा घट्ट होतो.

ठिणगी
बरं. पाईप करून बघतो, आधी हाताने. १५ हजारांतले काही २२० आणि ४०० च्या पट्ट्यांना जातील असं दिसतंय. पण टोपीतून पाणी गळणार नाही का?

भोसरीकर
एका टोकाला टोपी सोल्युशनने कायमची चिकटव. दुसऱ्या टोकाला ड्रेनेजच्या लायनीला साफसफाईसाठी बसवतात ती आट्यांची टोपी, आत रबरी रिंग. प्लंबिंगच्या दुकानात 'क्लीनआउट' माग. आणि टोपीच्या आतल्या बाजूला जुन्या ट्यूबच्या रबराची चकती ठेव, नाहीतर टोक दर खेपेला प्लॅस्टिकवर आपटेल.

वाकडी_धार
पहिल्यांदा चांगलं पातं टाकू नकोस, पाणी देताना वाकलेलं एखादं असेलच.

ठिणगी
आहेत. बरीच आहेत.

गृहिणी_नंबर_एक
माझ्या मिक्सरच्या भांड्याची पाती बोथट झाली आहेत. ती अशा दगडांत फिरवली तर धार येईल का?

ऐरण
येणार नाही. असलेलीही जाईल.