चालढकल, दिरंगाई, टंगळमंगळ: तुमचे अनुभव लिहा

बाबा म्हणत होते, बाजूचं नीट दिसत नाही. "दिवाळी झाली की जाऊ डॉक्टरांकडे," मी म्हटलं. दिवाळीनंतर मुलीची परीक्षा आली, मग घरातलं लग्न. जायचं नाही असं कधीच म्हटलं नाही, नुसतं पुढे ढकललं. काचबिंदू निघाला. त्यात गेलेली नजर परत येत नाही. ताटाच्या कडेची चटणी बाबा आता बोटाने चाचपतात. चालढकल म्हणजे काय ते मला असं कळलं. तुमच्या घरात यातला कुठला शब्द, कशावरून?

सोलापूरहून:
आमच्या वाट्याला दिरंगाई. मूळ फारसी 'दिरंग', म्हणजे उशीर. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज दिला. हरकतीचे 15 दिवस सरले, हरकत एकही नाही, तरी फेरफार सात महिने अडकला. दर खेपेला "साहेब मीटिंगला गेलेत". ताई, चालढकल माणूस आपल्या कामात करतो, खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या कामात करतो ती दिरंगाई. दफ्तर दिरंगाई कायदा 1 जुलै 2006 पासून लागू आहे. कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामकाजाच्या 7 दिवसांहून जास्त पडून राहू नये, असं त्याचं कलम 10 सांगतं. अर्जात हे कलम घातलं, तेव्हा कागद हलला.

पुण्याहून:
टंगळमंगळ! दप्तर उघडं, वही समोर, आणि लेक पेन्सिलीला चौथ्यांदा टोक काढतोय. चालढकलीत काम नजरेआड असतं, टंगळमंगळीत अगदी पुढ्यात.

माण तालुक्यातून:
आज्जी म्हणायची, "भिजत घोंगडं ठिवू नगा." घोंगडं भिजलं की एकट्याला उचलत नाही आणि वाळता वाळत नाही. आमच्या वडिलांची नि चुलत्यांची वाटणी "बघू पुढं" म्हणत अठरा वर्षं तशीच राहिली. तिघा भावांतले आता दोघंच आहेत.

नागपूरहून:
मी संस्कृत शिकवायचे. गीतेच्या अठराव्या अध्यायात, 28व्या श्लोकात, तामस कर्त्याच्या लक्षणांत 'विषादी' आणि 'दीर्घसूत्री' हे शब्द लागोपाठ येतात. मुलांना मी दुसऱ्याचाच अर्थ फोड करून सांगायचे: लांबण लावणारा, आजचं काम महिन्यावर नेणारा. पहिला शब्द त्याला चिकटून का आहे, ते हे गेल्यावर समजलं. यांचं कपाट दोन वर्षं बंद आहे. किल्ली देवघरातच आहे. शनिवारी बहीण येतेय, तिला सोबत घेऊन उघडणार आहे.