मदत हवी आहे: दोन पाणबेडूक, आणि एक खातच नाही

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितेय. गेल्या रविवारी मुलीसाठी 40 लिटरची टाकी घेतली. दुकानदाराने माशांसोबत दोन इवलेसे बेडूक दिले. "आफ्रिकन ड्वार्फ आहेत, माशांचंच खाणं घाला," एवढंच सांगितलं.

घरी येऊन वाचलं आणि जीव धास्तावला. ड्वार्फ म्हणजे बुटक्या जातीच्या बेडकाच्या पुढच्या बोटांमध्येही पडदा असतो. लहानपणी तसाच दिसणाऱ्या 'क्लॉड' म्हणजे नखवाल्या बेडकाची पुढची बोटं सुटी असतात, तो तळहाताएवढा वाढतो आणि लहान मासे गिळतो. आमच्या एकाचा पडदा स्पष्ट दिसतो, दुसऱ्याचा भिंगातूनही कळत नाही. एवढ्या लहानपणी ओळखायचं कसं?

खाण्याची तर फारच काळजी आहे. हे वासाने चाचपडत पोचेपर्यंत मासे सगळं फस्त करतात, उरलेले दाणे तळाशी कुजतात. काल गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) चिमट्याने तोंडाशी धरले तर एकाने पटकन घेतले, केवढा आनंद झाला! दुसऱ्याने चार दिवस काहीच खाल्लेलं नाही. त्याला वेगळ्या भांड्यात ठेवून भरवू का?

नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारं औषध घालते. विहिरीचं पाणी चालेल का? श्वासासाठी ते वर येतात, म्हणून टाकी काठोकाठ भरत नाही, झाकणही लावलंय.

शेजारच्या काकी म्हणतात, शेतातल्या तळीत सोडून दे. ते मी करणार नाही, परक्या बेडकांमुळे आपल्या बेडकांना रोग लागू शकतो.

कोणी पाळले असतील तर कृपया लवकर सांगा.