बारावी ओसीएम : फेयॉलची तत्त्वं साखर कारखान्यावरून शिकवता येतील का?

खडूफळा

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावी कॉमर्सला ओसीएम, म्हणजे वाणिज्य संघटन व व्यवस्थापन शिकवते. पहिली दोन प्रकरणं व्यवस्थापनाची तत्त्वं आणि व्यवस्थापनाची कार्यं. हेन्री फेयॉल या फ्रेंच व्यवस्थापन तज्ज्ञाची १४ तत्त्वं पोरं कार्यविभागणीपासून संघभावनेपर्यंत धडाधड म्हणून दाखवतात. पण 'आदेशातील एकवाक्यता आणि निर्देशनातील एकवाक्यता, दोन्हींत फरक काय?' असं विचारलं की सगळे वहीत बघायला लागतात.

गाईडातली उदाहरणं 'समजा, एक कंपनी आहे' अशी सुरू होतात. ती कंपनी काय बनवते हेसुद्धा कुणी सांगत नाही. डबेवाल्यांचं उदाहरण देऊन झालं, पण माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी मुंबईची लोकल पाहिलेली नाही, त्यांना त्यात काही वाटत नाही. निम्म्या पोरांच्या घरी ऊस मात्र आहे. म्हणून विचारते : नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय, नियंत्रण ही कार्यं साखर कारखान्यात प्रत्यक्षात कोण करतं? कारखान्यात नोकरी केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.

लेथमास्तर

येतील की शिकवता. फक्त सहा कार्यं म्हणजे सहा खोल्या आणि सहा साहेब असं पोरांना वाटू देऊ नका. माझ्या वर्कशॉपात सहाही कार्यं मीच करतो, कधी कधी सकाळच्या चहाआधीच.

आणि एक : फेयॉलनं पाचच सांगितली होती. नियोजन, संघटन, आदेश देणं, समन्वय आणि नियंत्रण. माणसं नेमण्याचं काम त्यानं संघटनातच धरलं होतं. ते वेगळं काढलं पुढच्यांनी. ल्यूथर गुलिकचं 'पॉस्डकॉर्ब', म्हणजे कार्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द, १९३७ चं, त्यात अहवाल आणि अंदाजपत्रकही आलं. परीक्षेला पुस्तकातलंच लिहायला सांगा, पण आकडा देवानं ठरवलेला नाही एवढं कळलेलं बरं.

निवृत्त_शेतकी

मॅडम, मी शेतकी विभागात मदतनीस म्हणून लागलो आणि गट अधिकारी म्हणून रिटायर झालो. कारखाना आपल्याच भागातला, नाव राहू द्या.

आधी नियोजन. लोकांना वाटतं कारखाना मोळी पडली की सुरू होतो. खरा तो लागणीच्या नोंदीला सुरू होतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, 'सुरू' हंगामाचा जानेवारी-फेब्रुवारीत, शिवाय खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस. प्रत्येक प्लॉटची तारीख, जात आणि क्षेत्र नोंदवहीत. हे गणित फळ्यावर मांडा : दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना, १५० दिवसांचा हंगाम, म्हणजे साडेसात लाख टन. हेक्टरी ८० टन धरले तर सुमारे ९,४०० हेक्टर ऊस पाहिजे. त्यातला काही शेजारचा कारखाना पळवणार, काही बेण्याला, काही गुऱ्हाळाला जाणार. म्हणून नोंद त्याहून जास्त लागते.

मग माणसं. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, ती दिवसाला दीड-दोन टन तोडते. करा भागाकार, अडीच हजार ते सुमारे तेहतीसशे कोयते झाले. ते बीडहून, पाथर्डीकडून येणार दसरा-दिवाळीच्या पुढंमागं, पण टोळीच्या मुकादमाला उचल द्यायची पावसाळ्यात. म्हणजे नोव्हेंबरच्या तोडीचे पैसे जून-जुलैत वाटलेले असतात. उचल घेऊन मुकादम दुसऱ्याच कारखान्याच्या यार्डात टोळी घेऊन उभा, असंही होतं. म्हणून करार गरजेपेक्षा जास्त टोळ्यांचे करायचे आणि तरीही ऐन वेळी कमी पडायचे. तोडणी यंत्र आणावं तर सरी रुंद लागते, ती लागणीच्या वेळीच ठरवावी लागते. पुस्तकात नियोजनाला 'भविष्याचा वेध' म्हणतात. आमच्याकडं तो वेध दीड वर्ष आधी घ्यावा लागतो, आणि मध्ये एक पावसाळा असतो.

संघटन साधं आहे, झाडासारखं फळ्यावर काढता येईल. वर संचालक मंडळ आणि कार्यकारी संचालक. खाली तीन मोठ्या फांद्या : चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट, मुख्य शेतकी अधिकारी. हिशेब, स्टोअर, टाइम ऑफिस, सुरक्षा बाजूला. आमच्या फांदीला गट अधिकारी, त्याखाली मदतनीस आणि शेवटी फडात उभा असलेला चिटबॉय. कोणत्या प्लॉटला आज तोड द्यायची ती चिट तोच फाडतो. पगारानं सगळ्यात खालचा, पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं तोच कारखाना.

आता तुमचा फरक.

चिटबॉयला सकाळी गट अधिकारी सांगतो, नोंदीच्या तारखेप्रमाणं अमक्या शिवारात टोळी लाव. तासाभरात संचालकाचा फोन येतो, आमच्या पाहुण्याचा प्लॉट आधी घे. मग मुकादम म्हणतो, तो फड अडचणीचा आहे, रस्त्याकडंचा दे. मग गावातला पुढारी. माणूस एक, हुकूम देणारे चार. इथं मोडली ती आदेशातील एकवाक्यता.

निर्देशनातील एकवाक्यता वरच्या मजल्यावर मोडते. चीफ इंजिनिअरला पाहिजे गाळप, मिल एक मिनिटही थांबायला नको, येईल तो ऊस गव्हाणीत टाका. चीफ केमिस्टला पाहिजे उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी, पक्व आणि ताजाच ऊस द्या. आम्हा शेतकीवाल्यांना पाहिजे शेतकऱ्यांची रानं मोकळी होणं, कारण शिव्या आम्हाला बसतात. यातला कुणीच चूक नाही. प्रत्येकाला एकच साहेब आहे, म्हणजे आदेशाची एकवाक्यता शाबूत आहे, तरी कारखाना तीन दिशांना ओढला जातोय. यंदा आपलं उद्दिष्ट कोणतं, त्यासाठी एक योजना आणि त्या योजनेचा धनी एक, हे ठरलेलं नसतं म्हणून. पोरांना एवढंच सांगा, पहिली माणसाची गोष्ट आहे, दुसरी उद्दिष्टाची.

अधिकार आणि जबाबदारीचं तत्त्वही चिटबॉयवरच शिकवा. ऊस बुडख्यातून तोडला पाहिजे, तिथं साखर जास्त असते. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, आणि पाला मोळीत यायला नको. हे झालं नाही तर मेमो चिटबॉयला. पण टोळी थांबवण्याचा अधिकार त्याला नाही, तो मुकादमाला विनवण्याच करू शकतो. वीस-बावीस वर्षांचं पोर ते, मुकादम चाळीशीचा आणि दहा माणसं पाठीशी.

योग्य मोबदल्याचं तत्त्व मात्र वर्गात जपून काढा, कारण प्रत्येकाच्या घरी यावर मत आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊसबिलातून धरलेला असतो, तरी फडात खुशाली म्हणून वरचे पैसे मागतात, ड्रायव्हर 'एंट्री' म्हणून मागतो. माझं मत असं की कागदावरचा दर अपुरा ठेवला की उरलेला दर लोक आपणच ठरवतात, आणि तो नेहमी जास्त पडतो. शेतकऱ्यांना हे आवडणार नाही, मीही शेतकरीच आहे.

समन्वय बघायचा तर मिल बंद पडलेल्या दिवशी बघावा. बॉयलरची ट्यूब फुटली की पहिला फोन शेतकीला यायला पाहिजे, कारण फडातले कोयते ट्यूब फुटली म्हणून थांबत नाहीत. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, साखर मोडते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतारा खाली. आता हा निरोप अधिकारसाखळीनं वर कार्यकारी संचालकांपर्यंत आणि तिथून खाली चिटबॉयपर्यंत यायचा म्हटलं तर संध्याकाळ होईल. म्हणून शिफ्ट इंजिनिअरनं थेट केन यार्डला, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात तिथं, सांगायचं, यार्डनं थेट गट ऑफिसांना आणि साहेबांना नंतर कळवायचं. तुमच्या पुस्तकातला गँग प्लँक तो हाच. फेयॉलची अट एवढीच की वरिष्ठांची त्याला आधीपासून संमती असावी.

फेयॉलवरून आठवलं. हा माणूस प्राध्यापक नव्हे, खाणीतला इंजिनिअर. जन्म १८४१ चा, एकोणिसाव्या वर्षी फ्रान्समधल्या कोमाँत्रीच्या कोळसा खाणीत लागला. १८६१ ची त्याची एक नोंद आमच्या एका ट्रेनिंगमध्ये सरांनी सांगितली होती. खाणीच्या एका मजल्यावर गाडी ओढणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. फेयॉलनं दुसरा घोडा मागवायची चिठ्ठी दिली. तबेलेवाला म्हणाला, डायरेक्टरची सही नाही, घोडा मिळणार नाही. डायरेक्टर गावाला गेलेले आणि त्यांच्या जागी कुणालाच नेमलेलं नाही. त्या मजल्यावरचं काम बंद पडलं. तबेलेवाला तर नियमानंच वागला. माणूस हजर नसला तरी त्याचा अधिकार हजर पाहिजे, हे फेयॉल त्यावरून शिकला. त्याचं पुस्तक पुढं १९१६ साली आलं, म्हणजे १४ तत्त्वांच्या मागं पन्नासहून जास्त वर्षांची खाण आहे. १८८८ मध्ये तो मुख्य झाला तेव्हा कंपनी बुडायला आली होती, १९१८ मध्ये सोडली तेव्हा चांगली उभी होती.

नियंत्रणाला वेगळा तास द्या. आकडे दोनच धरा : ऊस तोडल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंतचे तास, आणि उतारा. साडेसात लाख टनांवर उतारा ०.१ टक्क्यानं घसरला तर साखर किती गेली? ७५० टन. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलभर उसामागं ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, होता, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पोरांच्या बापाचं बिल या आकड्यांवर ठरतं, त्यामुळं मागच्या बाकावरचंही लक्ष देईल.

मसालेवाली_नाशिक

काका, लिहिलंय छान, पण मला एक खटकतंय. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा सभासद, म्हणजे मालक. तोच मतदार, त्यानं निवडून दिलेला संचालक, आणि तो संचालक चिटबॉयला फोन करतो. हा व्यवस्थापनाचा दोष की राजकारणाचा? पोरं यातून 'पुढारी वाईट' एवढंच शिकतील. माझ्याकडं आठ बायका कांडपाला आणि पॅकिंगला असतात. तिथं 'केंद्रीकरण', 'अधिकारसाखळी' असले शब्द वापरले तर त्या हसतील. पण मी बाजारात गेले आणि ऑर्डर आली तर कुणी घ्यायची हे ठरलेलं आहे. १४ च्या १४ तत्त्वं सगळीकडं लावायचा अट्टहास कशाला?

निवृत्त_शेतकी

ताई, अट्टहास नकोच. फेयॉलनंही आपली यादी पुरी आहे असं म्हटलेलं नाही, तत्त्वं लवचिक आहेत, प्रसंग बघून वापरायची असंच त्याचं म्हणणं.

पण राजकारणाचं पटत नाही. फोन करणारा मालक खासगी धंद्यातही असतोच, फरक एवढाच की तिथं त्याचा पुतण्या फोन करतो. सभासदाची तक्रार संचालकानं ऐकायलाच पाहिजे, त्यासाठीच निवडून दिलाय. ती चिटबॉयच्या कानात सांगायची की गट ऑफिसात, एवढाच प्रश्न. आमच्याकडं एका साहेबांनी क्रम बदलाची वही ठेवली. कुणाचा प्लॉट मागंपुढं झाला, कुणाच्या सांगण्यावरून, कारण काय. विहिरीचं पाणी तुटलं, लग्न आहे, ऊस लोळलाय, ही कारणं खरीच असतात. वही दर महिन्याला मंडळापुढं जायची. फोन काही थांबले नाहीत, पण ते गट अधिकाऱ्याला यायला लागले.

तुमच्या ऑर्डरच्या नियमाला वर्गात अधिकारप्रदान म्हणतात. बायकांना सांगू नका, हसतील.

लेथमास्तर

पुतण्याचं एकदम बरोबर.

खडूफळा

काका, 'एक माणसाची, दुसरी उद्दिष्टाची' हे उद्याच वापरते. पोरांना एखादा कारखाना दाखवायला न्यायचा विचार आहे. कधी न्यावं, आणि काय दाखवावं?

निवृत्त_शेतकी

जानेवारीत न्या. नोव्हेंबरात सगळ्यांची धांदल असते, मार्चमध्ये ऊस संपत आलेला असतो. अर्ज कार्यकारी संचालकांच्या नावानं, कॉलेजच्या लेटरहेडवर, मुलांची संख्या लिहून.

दाखवणारे तुम्हाला सरळ मिलमध्ये नेतील, कारण ती मोठी दिसते. तिथं आवाजामुळं कुणाला काही ऐकू येत नाही. तुम्ही आधी गट ऑफिस मागा, मग केन यार्ड, मग वजनकाटा, आणि मिल शेवटी. गट ऑफिसात नोंदवही आणि त्या दिवसाचा तोडणी कार्यक्रम शेजारी शेजारी ठेवायला सांगा, दोन्हींत फरक कुठं आहे ते पोरांनाच शोधू दे. यार्डात गाड्यांच्या रांगेत शेवटच्या ड्रायव्हरला विचारा, कधीपासून उभा आहेस. चिटबॉय भेटला तर त्याला साहेबांसमोर काही विचारू नका, बाहेर चहाला घेऊन जा.

आणि पायांत बूट पाहिजेत, चपलेवर आत सोडत नाहीत.